मारबत पीडा कुठे नेते? : समकालीन डार्क फॅन्टसी कादंबरीसाठी जग आणि माणसे घडवताना

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघत असल्याचे सांगितले जाते. बांबू आणि कागदाच्या या उंच पुतळ्यांच्या सोबतीला बडगे, म्हणजे पुरुषरूपी पुतळे, असतात आणि त्यांच्या अंगावर त्या वर्षीच्या महागाईचे, भ्रष्टाचाराचे फलक लावलेले असतात. इतवारीच्या अरुंद रस्त्यांवर माणसांना पाय ठेवायला जागा उरत नाही आणि "इडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" ही आरोळी दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवरूनही उठत राहते. मग पुतळे जाळले जातात आणि लोक आपापल्या घरी जातात. कादंबरी लिहू पाहणाऱ्याने मात्र तिथेच थांबून विचारावे, की मारबतीने ती पीडा नेली खरी, पण नेली कुठे?

समकालीन डार्क फॅन्टसी लिहिण्याची पद्धत मी या एका प्रश्नाच्या आधाराने मांडणार आहे. भयकथेत वाचकाला भीती वाटली की बरेचसे काम झालेले असते. डार्क फॅन्टसीत अद्भुत शक्ती आजच्या, ओळखीच्या जगात खरोखर काम करते आणि तिच्या प्रत्येक उपयोगाची किंमत कोणाला तरी चुकवावी लागते. ही किंमत कोण चुकवतो, हे ठरले की जगही घडू लागते आणि माणसेही. म्हणून या दोन गोष्टींच्या स्वतंत्र वह्या करू नयेत. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी जवळजवळ दीडशे पाने केवळ जगाची टिपणे काढली होती. त्यात देवतांच्या वंशावळी होत्या, नकाशे होते, मंत्रांचे प्रकार होते, पण सकाळी उठून कामावर जाणारे एकही माणूस नव्हते. ती कादंबरी पुढे सरकलीच नाही.

पहिली पायरी : एकच गृहीतक

वास्तवात एकच बदल करावा आणि तो एका वाक्यात लिहून टेबलासमोर चिकटवावा. आपल्या उदाहरणातले वाक्य असे आहे : मारबतीच्या सांगाड्याची शेवटची गाठ बांधताना ज्या माणसाचे पूर्ण नाव घेतले जाईल, त्याची पीडा निघून जाते, पण ती नष्ट होत नाही. बाकी सगळे आहे तसेच ठेवायचे. चेटकिणींचे गुप्त मंडळ, बोलणारे कावळे आणि शापित तलवार हे सगळे याच कादंबरीत आणण्याचा मोह होईल, तो आवरावा. वाचक एक अशक्य गोष्ट मनापासून मान्य करतो. दुसरी आणि तिसरी आली की तो हिशेब मागू लागतो.

इथे एक काळजी घेणे आवश्यक आहे. काळी आणि पिवळी मारबत या जिवंत परंपरा आहेत, त्यांच्या मागे खरी मंडळे आणि खरी घरे आहेत, आणि त्यांच्यावर आपल्या कथेतले पाप लादण्याचा अधिकार लेखकाला नाही. म्हणून आपण तिसरी, काल्पनिक 'भुरी मारबत' उभी करू. ती काल्पनिक गल्लीतून निघते, मुख्य मिरवणुकीत सामील होत नाही आणि तिच्यापुढे ढोल वाजत नाहीत. खऱ्या परंपरेच्या शेजारी खोटी उभी केल्यामुळे मोकळीक मिळते आणि खऱ्या परंपरेतले सगळे वातावरणही हाती राहते.

दुसरी पायरी : नियम, आणि नियमाच्या मागचा नकाशा

नियम ठरवताना मी पाच प्रश्न विचारतो. शक्ती कोणाच्या हातात आहे? ती केव्हा चालते? कुठे चालत नाही? किंमत कोण देतो? आणि हे सगळे कोणाला माहीत आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे अर्ध्या तासात मिळतात. चौथ्यावर मात्र कित्येक दिवस घालवले तरी ते वाया जात नाहीत, कारण तिथेच कादंबरीचा गाभा असतो.

शक्ती वापरणाऱ्यानेच किंमत द्यायची, म्हणजे त्याचे आयुष्य घटेल, दृष्टी जाईल किंवा आठवणी पुसल्या जातील, ही वाट फार वापरली गेलेली आहे. शिवाय तिच्यात एक सोय दडलेली असते, कारण स्वतः भोगणारा माणूस वाचकाच्या नजरेत आपोआप निर्दोष ठरतो. किंमत दुसऱ्यावर पडली तर काय होईल, हे पाहण्यासाठी नागपूरचा नकाशा उघडावा. नाग नदी शहराच्या पश्चिमेकडील लाव्हा परिसरातील टेकड्यांतून निघते, शहर पूर्वेकडे ओलांडत त्याचे सांडपाणी पोटात घेते आणि पुढे कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला मिळते आणि वैनगंगेवर भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण आहे, ज्याची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. शहराने टाकलेले कुठे जाते, याचे उत्तर भूगोलाने आधीच देऊन ठेवले आहे. म्हणून आपला नियम असा पूर्ण होतो : नावानिशी सोडलेली पीडा पाण्याबरोबर खाली जाते आणि त्या पाण्यावर जगणाऱ्या पहिल्या घरात उतरते. ज्याच्या घरी ती उतरली, त्याच्याकडून ती परत घेता येते, पण ती सोडणाऱ्याने स्वेच्छेने आणि समोर बसून मागितली तरच.

नियम झाला की तो वाकवून पाहावा. भांडेवाडीच्या केंद्रात प्रक्रिया केलेले नागपूरचे सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रासाठी वापरले जाते. मग काही पीडा वाफेबरोबर हवेत जाते का? कोराडीच्या परिसरात काही घडते का? या प्रश्नांची उत्तरे कादंबरीत आलीच पाहिजेत असे नाही, पण ती लेखकाला ठाऊक असली पाहिजेत, कारण कोणी तरी चाणाक्ष वाचक नेमका तोच धागा ओढणार असतो. मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे, की गाळ आणि माती यांच्याशी संबंध तुटलेल्या पाण्यात पीडा टिकत नाही. एका वाक्याने एक मोठे भगदाड बुजले आणि पुढे एका दृश्याची शक्यताही निर्माण झाली, कारण आता नदीचा गाळ उपसणाऱ्या यंत्राच्या चालकाला या कथेत येण्याचे कारण मिळाले आहे.

तिसरी पायरी : इतिहासाचे थर, पण मोजके

नागपूर लेखकाला इतिहास भरभरून देते आणि तेच धोक्याचे आहे. काटोल रस्त्यावर जुनापाणीची महापाषाणकालीन शिळावर्तुळे आहेत. गोंड राजा बख्त बुलंद शाहने अठराव्या शतकाच्या आरंभी हे नगर वसवले. नंतर भोसले आले, १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि तिसरे रघूजी १८५३ मध्ये वारसाविना वारल्यावर इंग्रजांनी राज्य खालसा केले. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथेच बौद्ध धम्म स्वीकारला. हे सगळे एका कादंबरीत कोंबले तर त्याचे पर्यटन पुस्तक होते. प्रत्येक थराला विचारावे, की माझ्या नियमाला तू स्पर्श करतोस का. आपल्या उदाहरणात काळ्या मारबतीचा थर स्पर्श करतो, कारण इंग्रजांशी हातमिळवणी केल्याबद्दल राणी बांकाबाई भोसले यांच्या निषेधाशी लोक तिचा संबंध जोडतात. म्हणजेच सगळ्या गावाचा राग एका स्त्रीच्या पुतळ्यावर काढण्याची गोष्ट इथे आधीपासून आहे. दुसरा थर गिरणीचा. भुऱ्या मारबतीची गल्ली ही गिरणी कामगारांची होती आणि गिरणी बंद पडल्यावर तिथल्या घरांकडे दुसरी काही सत्ता उरली नाही, एवढे दोन वाक्यांत आले तरी पुरेसे आहे. शिळावर्तुळे मला फार आवडतात, पण या कादंबरीत त्यांना जागा नाही. ती दुसऱ्या कादंबरीसाठी ठेवावीत.

चौथी पायरी : आजचा काळ खरोखर आजचा असावा

समकालीन म्हटले की मोबाईल, पोलीस, वृत्तवाहिन्या आणि कायदा हे चारही येतात. अनेक मसुद्यांमध्ये यांतले काहीच नसते आणि कथा एकदम पन्नास वर्षे मागे गेल्यासारखी वाटते. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर आधी अध्यादेश म्हणून आला आणि डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात विधिमंडळाने तो मंजूर केला. आपल्या नायिकेने तिची गाठ २०१२ मध्ये बांधली असेल, तर ते कृत्य कायद्याच्या आधीचे ठरते आणि तिने २०२३ मध्ये पुन्हा बांधली तर नंतरचे. हा फरक तिला माहीत आहे का? तिच्या गल्लीतल्या कोणाला माहीत आहे? या एका तपशिलातून तिच्यावर दबाव आणणारे माणूस निर्माण होऊ शकते.

याच ठिकाणी लेखकाच्या जबाबदारीचा मुद्दा येतो. आपल्या राज्यात स्त्रियांना चेटकीण ठरवून मारहाण झालेली आहे आणि भोंदूंनी लोकांची घरे धुवून नेलेली आहेत. त्यामुळे कथेतला नियम इतका स्पष्टपणे काल्पनिक असावा, की त्यावरून कोणाच्या खऱ्या अंधश्रद्धेला बळ मिळणार नाही. त्याचप्रमाणे गोंड किंवा अन्य आदिवासी समाजातला माणूस 'गूढ मांत्रिक' म्हणून आणण्याची जुनी सवय पूर्णपणे टाकून द्यावी. त्यांच्या देवतांविषयी लिहायचे असेल, तर त्या समाजातल्या माणसांबरोबर बसून, विचारून आणि दाखवून मगच लिहावे.

पाचवी पायरी : माणूस हातांपासून सुरू करावा

पात्राची माहिती भरण्याचे तक्ते मिळतात. जन्मतारीख, आवडता रंग, भीती, छंद असे रकाने त्यात असतात. मला त्यांचा उपयोग झालेला नाही. मी आधी त्या माणसाचे काम ठरवतो, नंतर त्या कामाने त्याच्या शरीरावर काय खुणा केल्या ते पाहतो आणि शेवटी घरात त्याच्यावर कोण अवलंबून आहे ते लिहितो. इतके झाले की इच्छा आणि भीती शोधाव्या लागत नाहीत.

आपली नायिका सुनंदा. वय एकेचाळीस. दिवसा ती एका गोदामात खोकी बांधते आणि श्रावणात वडिलांकडून शिकलेले सांगाड्याचे काम करते. तिच्याविषयीचा पहिला परिच्छेद मी असा लिहिला :

"सुनंदाने कोयता बांबूच्या तोंडावर टेकवला, वरून एक ठोका दिला आणि मग हात न उचलता तो खाली ओढत नेला. बांबू सरळ फाटत गेला. डाव्या अंगठ्याला तिने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, कारण बांबूच्या कामटीची कड पात्यापेक्षा वाईट कापते आणि जखम दिसते त्याआधी झोंबते. मैद्याची खळ थंड होऊन तिच्यावर साय धरली होती. वर्तमानपत्राचा पहिला कागद तिने छातीच्या जागी लावला, मग थांबली, त्यावर कोणाचा फोटो आहे का ते पाहिले आणि कागद उलटा केला."

कागद उलटा करण्याची ती कृती माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची आहे. कुठल्याही माणसाचा चेहरा पुतळ्याच्या आत जाऊ नये याची ती काळजी घेते, म्हणजे तिला काही तरी ठाऊक आहे. जगाचा नियम इथे सांगितलेला नाही, तो तिच्या हातात दिसतो. नवख्या लेखकांना माझा आग्रह असतो, की नियम समजावून देणारा वृद्ध आजोबा आणण्याआधी असे एक दृश्य लिहून पाहावे. बहुतेक वेळा आजोबांची गरजच पडत नाही.

आता तिचा भूतकाळ. २०१२ मध्ये तिचा सहा वर्षांचा मुलगा तापाने फणफणला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते आणि तिने गाठ बांधताना त्याचे पूर्ण नाव घेतले. मुलगा वाचला. आज तो सतरा वर्षांचा आहे, क्लासला जातो आणि आईचे हे काम त्याला मागासलेले वाटते. सुनंदाला पीडा कुठे गेली हे माहीत नाही. अधिक अचूक सांगायचे तर, तिने ते कधी विचारलेले नाही. माणसाला काय हवे आहे, हे लिहिणे सोपे असते. तो कोणत्या गोष्टीकडे पाठ फिरवून उभा आहे, हे लिहिल्यावर पात्राला खोली येते. प्रत्येक मुख्य पात्रासाठी हे दुसरे वाक्य वहीत असलेच पाहिजे.

सहावी पायरी : विरोधकाची बाजू खरी असावी

अंधारातून हसणारा, सत्तेसाठी सगळे जाळायला निघालेला खलनायक या प्रकारच्या कादंबरीत फार कमी कामाचा असतो, कारण त्याच्याशी लढताना नायिकेला स्वतःविषयी काहीच ठरवावे लागत नाही. आपल्या कथेत विरोधक म्हणून अनुसयाबाई येते. ती गोसीखुर्दच्या पाण्याकाठच्या गावातली, डोंग्यातून मासे धरणाऱ्या घरातली, साठीकडे झुकलेली बाई आहे. २०१२ च्या भाद्रपदात तिचा नातू अनोळखी तापाने तीन रात्रींत गेला. तेव्हापासून ती पाण्याच्या वरच्या अंगाला, एकेका गावात विचारत चालली आहे आणि अकरा वर्षांनी ती सुनंदाच्या दारात पोचते. तिला सूड नको आहे. ज्या हातांनी गाठ बांधली, ते हात तिला पाहायचे आहेत, आणि नंतर ती काय मागेल हे तिचे तिलाही ठरलेले नाही.

विरोधक बरोबर आहे की नाही, हे तपासण्याची एक साधी रीत आहे. संपूर्ण कथानक त्याच्या बाजूने, प्रथमपुरुषी, दोन पानांत लिहावे. ती दोन पाने वाचताना आपल्यालाच नायिकेचा राग आला, तर विरोधक उभा राहिला असे समजावे. अनुसयाबाईची दोन पाने लिहिताना मला तिचे एक वाक्य मिळाले आणि त्याने पुढच्या मसुद्याची दिशा बदलली : "घेऊन जा म्हनता. कोनाकडं, ते नाई सांगत."

भाषेचा प्रश्नही इथेच सुटतो. सुनंदा नागपुरी बोलते, म्हणजे तिच्या तोंडी "काय करून राहिला बे", "मले नको सांगू", "काहून" असे शब्द सहज येतात. अनुसयाबाई झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली, आहे आणि तिच्या बोलीत 'ण' चा 'न' होतो, 'ळ' चा 'र' होतो, डोळ्यांना ती 'डोरे' म्हणते. सुनंदा तिला 'मावशी' म्हणते आणि ती सुनंदाला आधी 'बाई' आणि बऱ्याच पानांनंतर 'पोरी' म्हणते. हा बदल कुठे होतो ते ठिकाण लेखकाने ठरवून ठेवावे, कारण दोघींमधले सगळे अंतर त्या एका शब्दात मोजले जाते. बोली वापरताना प्रत्येक अक्षर उच्चाराप्रमाणे लिहिण्याचा हट्ट मात्र करू नये. क्रियापदे, संबोधने आणि दोन-चार ठरावीक शब्द बोलीत ठेवले, तर वाचकाच्या कानात बोली उभी राहते आणि वाचन अडखळत नाही. निवेदन प्रमाण भाषेत ठेवणेच मला योग्य वाटते.

दुय्यम पात्रांसाठी एवढेच पुरे, की प्रत्येकाचा नियमाशी एक संबंध असावा. मुलगा त्याचा लाभार्थी आहे आणि त्याला ते ठाऊक नाही. गल्लीतला किराणा दुकानदार यंदा स्वतःच्या बायकोचे नाव घ्यायला सांगतो आहे. गाळ उपसणारा यंत्रचालक दर उन्हाळ्यात नदीत काही तरी पाहतो आणि कोणाला सांगत नाही. ज्याचा असा संबंध सापडत नाही, ते पात्र काढून टाकावे किंवा दुसऱ्यात मिसळावे.

सातवी पायरी : शहरात पायी फिरणे

टेबलावर बसून हे सगळे ठरले, तरी जागा पाहिल्याशिवाय लिहू नये. एकाच जागी तीन वेळा जावे : पहाटे, भर दुपारी आणि रात्री दहानंतर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की दुपारी महालच्या गल्ल्यांमध्ये चिटपाखरू दिसत नाही, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास खिडक्यांतून रस्त्यावर येतो आणि उजेड इतका असतो की डोळे उघडे ठेवणे कठीण होते. अंधाराच्या कादंबरीतला सगळ्यांत भीतिदायक प्रसंग अशा उजेडात ठेवता येतो आणि विदर्भाच्या लेखकाकडे हे एक खास साधन आहे, जे धुक्याच्या आणि पावसाळी रात्रींच्या वर्णनांपेक्षा कितीतरी आपले आहे. नदीवरच्या पुलावर उभे राहून पाणी कोणत्या बाजूला जाते ते पाहावे. वर्धा रस्त्यावर खाली वाहने, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो अशी तीन मजल्यांची वाहतूक आहे. त्यातल्या कोणत्या मजल्यावरून आपले पात्र जाते, यावरून त्याची ऐपत आणि त्याला काय दिसते ते ठरते. वहीत विशेषणे लिहू नयेत. नाम आणि क्रियापदे लिहावीत, विशेषणे घरी आल्यावर सुचतात आणि बहुधा लागत नाहीत.

आठवी पायरी : पंचांग

ही पायरी बरेच जण गाळतात. कादंबरी ज्या वर्षी घडते ते वर्ष नक्की करावे आणि त्या वर्षाचे कॅलेंडर समोर ठेवावे, कारण पोळा श्रावण अमावास्येला येतो आणि त्याची तारीख दरवर्षी सरकते. २०२४ मध्ये तो २ सप्टेंबरला होता, २०२३ मध्ये १४ सप्टेंबरला. मी २०२३ निवडले ते अधिक महिन्यामुळे पोळा उशिरा आला होता म्हणून, सुनंदाला तयारीसाठी जास्त दिवस मिळावेत एवढ्याच हेतूने. मग तारखा एकाखाली एक लिहिताना लक्षात आले, की त्या वर्षी मारबत १५ सप्टेंबरला निघाली आणि २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी काठ सोडून झोपलेल्या लोकांच्या घरांत शिरले. म्हणजे खाली नेण्यासाठी सोडलेले पाणी आठ दिवसांत शहराच्याच घरात आले होते. कादंबरीचा शेवट मी वर्षभर शोधत होतो, तो कॅलेंडरमध्ये होता.

त्या रात्री शहरात खरी माणसे दगावली आणि अनेकांचे संसार वाहून गेले, म्हणून तो पूर कथेतल्या पीडेमुळे आला असे मी कुठेही लिहिलेले नाही आणि कोणी लिहू नये. पूर पावसामुळे येतो. सुनंदाच्या खोलीत गुडघाभर पाणी आहे, लाईट गेलेली आहे, मुलाची पुस्तके माळ्यावर चढवून झाली आहेत आणि पलंगावर पाय वर घेऊन अनुसयाबाई बसलेली आहे. परत मागायचे असेल तर समोर बसून मागावे लागते, हा नियम दुसऱ्या पायरीत ठरलेला आहे. सुनंदा पाण्यातून चालत येते आणि पलंगाच्या कडेवर, तिच्या समोर बसते. पहिल्या मसुद्यात सगळ्यांत आधी मी हेच दृश्य लिहिले आणि उरलेली कादंबरी त्याच्या मागे लिहीत गेलो.